डावीकडे पाहा

दिवसातून चार फेऱ्या. पावणेअकराची पहिली.
कानामागून मायक्रोफोनची वायर, डोक्यावर कंपनीची निळी टोपी,
आणि जिभेवर शिकागोच्या सव्वीस इमारती,
काठावर उभ्या आहेत त्याच क्रमाने.

डावीकडे पाहा, मी म्हणतो,
आणि शंभर माणसं डावीकडे पाहतात.
या सत्तेची सवय लागते.
घरी एकदा बायकोला म्हणालो, डावीकडे पाहा.
तिने उजवीकडचा नळ बंद केला
आणि ओल्या हातांनी माझ्याकडे पाहिलं.

ही नदी आधी सरोवराला मिळायची, मी सांगतो,
शहराची घाण घेऊन शहराच्याच प्यायच्या पाण्यात.
मग माणसांनी कालवा खणला, दारं बसवली,
तिला उलट चालायला लावलं.
वळणाचं पाणी वळणावर जातं म्हणतात,
इथे वळणच उचलून दुसरीकडे ठेवलंय.
(इथे लोक हसतात.
नाही हसले तर मी थोडा थांबतो.)

ऑगस्टमधला गुरुवार, तिसरी फेरी.
दुसऱ्या रांगेत एक मुलगी, खेळण्यातली दुर्बीण,
एका भिंगाला तडा.
मी डावीकडे म्हणालो, ती वर बघत होती.
मी उजवीकडे म्हणालो, तरी वरच.
लहान मुलांना विचारायचा एक ठरलेला प्रश्न आहे माझा:
तुला सगळ्यात कुठली आवडली?
म्हणाली, जिच्यावर दोर आहे ती.

माझ्याकडे सालं होती, उंची होती,
लोखंड किती टन, कुठला आर्किटेक्ट कुठल्या मालकाशी भांडला,
सगळं होतं.
दोर माझ्या कागदांत नव्हता.

तिची आई ओशाळून बोलली,
हिचे वडील काचा धुतात. पहाटे साडेचारला निघतात.
कुठे विचारलं की म्हणतात, नदीकाठी.
तिकिटाचे पैसे इट्झेलने स्वतःच साठवलेत,
थोडे मी घातले.

नदीकाठी म्हणजे या शहरात काहीही.

अकरा वर्षांत केलं नव्हतं ते केलं.
चौदावी इमारत गाळली.
मायक्रोफोनवर म्हणालो, मंडळी, दोर शोधा.
ओहायोहून आलेलं म्हातारं जोडपं उठून उभं राहिलं.
कागदी मुकुट घातलेल्या नवरीच्या मैत्रिणी कठड्याला चिकटल्या.
मघापासून फोनवर ओरडणाऱ्या माणसाने
फोन ठेवला नाही, पण बोट दाखवलं: तो बघ.
कॅप्टन ओडेलने न सांगता इंजिन मंद केलं.

तो? नाही, त्याचं हेल्मेट पांढरं आहे.
तो? नाही, तो जाडा आहे.
तो तर कबुतर आहे, नवरी म्हणाली.
एका दुपारी सात माणसं सापडली आम्हाला
आकाशात लटकलेली.
मी या नदीवर एवढ्या फेऱ्या मारल्या,
मला एकही माहीत नव्हता.

परतताना, पुलाच्या सावलीतून बाहेर पडलो तेव्हा,
हिरव्या काचेची उंच भिंत.
मधोमध दोर. दोराला फळी. फळीवर बादली.
माणूस नाही.
दोराच्या अलीकडे काच धुतलेली, तिच्यात नदी लख्ख.
पलीकडे तीच नदी मळकट.
फळी वाऱ्याने जरा हलली
आणि शंभर माणसं गप्प झाली.
आईने तोंडावर धरलेला रुमाल तसाच राहिला.

मुलीने दुर्बीण खाली घेतली.
किती वाजले? सव्वातीन?
मग तो जेवतोय, ती म्हणाली,
त्याला उशिराच भूक लागते.
आणि तिने बादलीला हात केला,
ओळखीच्या माणसाला करतात तसा.

चौथ्या फेरीला दोर नव्हता.
भिंत वरपासून खालपर्यंत स्वच्छ,
तिच्यात आमची बोट, उलट चाललेली,
आणि टपावर कोणीतरी निळ्या टोपीतला, हात वर करून.
डावीकडे पाहा, मी म्हणालो.
साल सांगितलं, आर्किटेक्टचं नाव सांगितलं.
मग थोडा थांबलो.
कोणी हसलं नाही.
तिथे हसायचं काही नव्हतंच.